पाणीयोजना कंपनीला देण्याआधी टाकीवरचा मीटर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लाखभर वस्तीचं शहर, चार दिवसांआड पाणी. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे पाणीपुरवठा योजना २० वर्षांसाठी खासगी कंपनीला चालवायला देण्याचा विषय येतोय. एक गट म्हणतो, 'पाणी विकायला काढलं.' दुसरा म्हणतो, 'पालिकेच्या हातून काही व्हायचं नाही, कंपनी आली तर चोवीस तास पाणी मिळेल.' तर पाणीपुरवठा सार्वजनिक असावा की खासगी?

पाणीपुरवठ्यात माझी ३२ वर्षं गेली. बहुतेक सरकारी बाजूला, निवृत्तीनंतरची चार एका खासगी चालक कंपनीकडे. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे दोन्ही गटांना रुचणार नाही असं उत्तर देतो. तुमच्या सभेपुढचा विषय मालकीचा नाहीच. जॅकवेलपासून, म्हणजे धरणातलं पाणी उचलायच्या विहिरीपासून, गल्लीतल्या वाहिनीपर्यंत सगळं पालिकेचं आहे आणि करारानंतरही पालिकेचंच राहील. धरणातलं पाणी राज्याचं, जलसंपदा खात्याने तुमच्यासाठी राखून ठेवलेलं. पाणी पुरवणं हे कायद्याने पालिकेचं आवश्यक कर्तव्य, ते कुणाच्या गळ्यात बांधून मोकळं होता येत नाही. कंपनीकडे जातं ते चालवणं, दुरुस्ती, मीटर वाचणं, बिलं वसूल करणं आणि करार मोठा असेल तर नव्या वाहिन्या टाकणं.

'विकलं' हा शब्द अक्षरशः खरा आहे तो इंग्लंडमध्ये. थॅचरबाईंच्या सरकारने १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधली दहा प्रादेशिक जलप्राधिकरणं शेअर बाजारात विकली. धरणं, वाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं, मलवाहिन्या, सगळं. विकण्याआधी त्यांच्यावरचं सुमारे ५ अब्ज पौंडांचं कर्ज सरकारने माफ केलं, म्हणजे नव्या मालकांची पाटी कोरी. आज त्या कंपन्यांवर मिळून ६० अब्ज पौंडांहून जास्त कर्ज आहे, आणि या काळात भागधारकांना लाभांश मात्र वाटला गेला. थेम्स वॉटर ही त्यातली सर्वांत मोठी, सुमारे १.६ कोटी ग्राहकांची. कर्जाखाली ती इतकी वाकली की ती बुडणार की सरकारला तात्पुरती ताब्यात घ्यावी लागणार, अशी चर्चा २०२४ पासून उघडपणे सुरू झाली. ऑफवॉट नावाचा नियामक डोक्यावर बसलेला असताना हे झालं, आणि २०२५ मध्ये सरकारने तो नियामकच बरखास्त करायचं जाहीर केलं. गंमत अशी की लंडनने हा प्रयोग आधी एकदा करून पाहिला होता. १९०४ पर्यंत तिथलं पाणी खासगी कंपन्यांकडे होतं, मग ते सार्वजनिक मंडळाकडे घेतलं, आणि पंचाऐंशी वर्षांनी परत विकलं.

पण त्याच बेटावर स्कॉटलंडने पाणी विकलं नाही, तिथे आजही सरकारी स्कॉटिश वॉटर आहे. वेल्समध्ये २००१ पासून भागधारकच नसलेली ना-नफा कंपनी पाणी देते. तीन प्रकारची मालकी, आणि तिन्हीकडे नळाचं पाणी थेट ओठाला लावता येतं. मालकीने फरक पडला तो पैसा कुठे जातो यात.

आता आपल्याकडे. चालवायला देण्याची महाराष्ट्रातली दोन मोठी उदाहरणं म्हणजे नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. दोन्ही करार जवळपास एकाच काळातले, पण शेवट वेगळे.

नागपूरने आधी धरमपेठ भागात प्रयोग केला, मग २०१२ च्या मार्चपासून अख्ख्या शहराची योजना २५ वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे दिली. व्हिओलिया ही फ्रेंच कंपनी आणि नागपूरची विश्वराज यांची ती भागीदारी होती. भांडवली कामाचा ७० टक्के पैसा जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा योजनेतून म्हणजे सरकारचा, ३० टक्के कंपनीचा. यातली खुबी पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. पाणीपट्टीचा दर महापालिकाच ठरवते. कंपनीला मिळतात ते बिल होऊन वसूल झालेल्या दर युनिटमागे, म्हणजे दर हजार लिटरमागे, ठरलेले पैसे. सुरुवातीचा दर होता ७ रुपये ९० पैसे. गळून गेलेल्या पाण्याचे पैसे कंपनीला मिळत नाहीत, म्हणून गळती शोधायची घाई तिलाच. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात पाच वर्षांत सगळ्या शहराला चोवीस तास पाणी द्यायचं होतं, ती मुदत टळली आणि त्यानंतरही कित्येक वर्षं शहराचा मोठा भाग चोवीस तासांच्या बाहेरच राहिला. लाखो मीटर बसले, जुन्या जोडण्या बदलल्या, काही भागांत पाणी खरोखर सुधारलं. आणि बिलांवरून भांडणंही भरपूर झाली. मी नागपूरला यश म्हणत नाही, अपयशही म्हणत नाही. निम्मं झालेलं काम म्हणतो, आणि आपल्याकडच्या पाणीयोजनांच्या हिशेबात निम्मं हेही कमी नाही.

औरंगाबादची समांतर जलवाहिनी ही वेगळीच कहाणी. जायकवाडीच्या नाथसागरातून शहरात पाणी आणणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्या अपुऱ्या पडू लागल्या होत्या. नवी मोठी वाहिनी टाकायची, शहरातलं जाळं बदलायचं आणि वीस वर्षं चालवायचं, असा ७९२ कोटींचा करार २०११ मध्ये झाला. कंपनीने शहराचा पाणीपुरवठा आणि वसुली ताब्यात घेतली सप्टेंबर २०१४ मध्ये. मोठी वाहिनी मात्र जागेवरच. म्हणजे लोकांच्या हातात कंपनीचं बिल आलं आणि नळाला पाणी पूर्वीइतकंच. दरात दरवर्षी वाढीची तरतूद असल्यामुळे घरगुती वार्षिक पाणीपट्टी पुढे चार हजारांवर गेली, तीही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी. २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. त्यानंतर १,६८० कोटींची नवी योजना २०२० मध्ये हाती घेतली, तिचा खर्च २,७०० कोटींच्या पुढे गेला, आणि पाणीपट्टी २०२२ मध्ये निम्म्यावर आणावी लागली. नवी योजना राबवणारं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण सरकारी आहे, आणि तीही वेळेत झालेली नाही. कंपनी गेली म्हणून पाणी धावत आलं, असंही घडलं नाही.

लातूरनेही २००८ मध्ये असा करार केला होता, लोकांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. पण लातूर म्हटलं की मला करार आठवत नाही, एप्रिल २०१६ आठवतो. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. धरणात पाणी नसेल तर पाणी नगरपालिका चालवते की कंपनी, याने एक घागरही वाढत नाही. तुमच्या शहराचा स्रोत बारमाही आहे का, हे आधी विचारा. बारमाही नसेल तर हा सगळा वाद बाजूला ठेवा.

स्रोत आहे असं धरून पुढे जातो, कारण चार दिवसांआड पाणी येणाऱ्या बऱ्याच गावांत स्रोताला पाणी असतं. हिशेब करून बघा. माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरलं तर लाख वस्तीला दिवसाला १ कोटी ३५ लाख लिटर, म्हणजे साडेतेरा एमएलडी (एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर) पाणी लागतं. तुमच्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता विचारा, बहुधा तेवढी किंवा थोडी जास्तच निघेल. मग ते पाणी जातं कुठे? इथे येऊन सगळे 'गळती' म्हणतात आणि मान डोलावतात.

मराठवाड्यातल्या एका गावाची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या वाहिनीवरचा मीटर कित्येक वर्षं बंद. लॉगबुकात मात्र रोज चोख आकडा: ६० लाख लिटर. कुठून आला? पंपाच्या पाटीवर तासाला ३०० घनमीटर लिहिलेलं, पंप २० तास चालला, गुणाकार करा. आम्ही वाहिनीला बाहेरून चिकटवायचा अल्ट्रासॉनिक मीटर लावला तर तासाला २१० घनमीटर. पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चक्र, झिजलेला होता. म्हणजे रोजचे १८ लाख लिटर पाणी गळलंही नव्हतं आणि चोरीलाही गेलं नव्हतं, ते कधी उचललंच गेलं नव्हतं. पण विजेचं बिल पूर्ण भरलं जात होतं, आणि 'तीस टक्के गळती'चा प्रकल्प अहवाल तयार होऊन मुंबईला गेला होता. इम्पेलर बदलायला जो खर्च आला तो त्या अहवालाच्या फीपेक्षा कमी होता.

मोजमाप का महत्त्वाचं, ते दुसऱ्या एका गावात कळलं. तिथे असंच लॉगबुक पाहून खासगी करार केला. करारात लिहिलं: पालिका रोज इतकं पाणी टाकीपर्यंत देईल, कंपनी पुढे वाटेल आणि गळती अमुक टक्क्यांवर आणेल. कंपनीने पहिल्याच महिन्यात स्वतःचे मीटर बसवले आणि पत्र पाठवलं, 'तुम्ही कबूल केलेलं पाणी देत नाही, नुकसानभरपाई द्या.' प्रकरण लवादाकडे गेलं. लवादापुढे कंपनीच्या बाजूने रोजच्या नोंदींची फाइल, आणि पालिकेच्या बाजूने पंपाची पाटी. चार वर्षं ते चाललं आणि त्या चार वर्षांत कुणीच एक सांधा दुरुस्त केला नाही, कारण दुरुस्ती केली तर कुणाच्या खात्यात लिहायची तेच ठरत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या पालिकेला आपलं पाणी मोजता येत नाही, तिला ते नीट चालवताही येत नाही आणि नीट चालवायला देताही येत नाही. कंपनीवर नजर ठेवायची म्हणजे तिच्या आकड्यांसमोर आपले आकडे ठेवायचे. ते नसतील तर २० वर्षं कंपनी सांगेल ते मान्य करावं लागेल.

आणि मोजता आलं तर? मग कदाचित कंपनीची गरजच पडणार नाही. कराडशेजारचं मलकापूर बघून या. तीसेक हजार वस्तीचं गाव, जीवन प्राधिकरणाच्या मदतीने उभारलेली सार्वजनिक योजना, घरोघरी लांबून वाचता येणारे मीटर, वापर वाढेल तसा चढता दर, आणि चोवीस तास पाणी. नागपूरच्या मोठ्या कराराच्या आधीचं हे. पुरीला ओडिशा सरकारने २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट पिता येईल असं जाहीर केलं. तिथे मीटर वाचायला, बिल वसूल करायला आणि पाण्याची तपासणी करायला बचत गटांतल्या 'जलसाथी' बायका घरोघरी जातात. सगळं सरकारी. कंबोडियाच्या नॉम पेन्हचं उदाहरण तर आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. १९९३ मध्ये तिथलं सुमारे ७२ टक्के पाणी हिशेबाबाहेर जात होतं. एक सोन चान ('एक' हा नावाचाच भाग) या सरकारी पाणीसंस्थेच्या प्रमुखाने ते सहा टक्क्यांच्या आसपास आणलं, २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी केलं काय? प्रत्येक जोडणीला मीटर, आपल्याच कर्मचाऱ्यांच्या बेकायदा जोडण्या आधी तोडल्या, बडी घरं आणि सरकारी कार्यालयं यांनाही बिल. पालिकेत असं करून बघा म्हणजे कळेल की अवघड भाग पाइपचा नसतो.

खासगीवाल्यांची बाजूही सांगायला हवी. आपल्या बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीत २००८ मध्ये काही भागांत चोवीस तास पाणी आलं ते खासगी चालकाच्या हातून. पैसा सरकारी, कंपनी चालवायला आणि मुदत थोडी. भारतात चोवीस तास पाणी शक्यच नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या आमच्यासारख्या अभियंत्यांची तोंडं त्या प्रयोगाने बंद केली. मीसुद्धा त्यातलाच एक. आमची समजूत अशी की चोवीस तास दिलं तर लोक पाणी उधळतील. उलट झालं, कारण पाणी कधीही येणार हे कळल्यावर कुणी शिळं पाणी ओतून ताजं भरत नाही.

कंपनीला एक गोष्ट जमते ती पालिकेला जमत नाही, ती म्हणजे एकाच कामावर माणूस टिकवणं. पालिकेत पाणीपुरवठा अभियंत्याची दोन-तीन वर्षांत बदली, मधे निवडणूक, मधे कुणाच्या तरी वॉर्डात आधी पाणी सोडायचा फोन. योजना खरी चालते ती व्हॉल्वमनच्या डोक्यात. दीडशे व्हॉल्व, नकाशावर साठ, बाकीचे त्याला ठाऊक. कोणत्या गल्लीला किती वाजता सोडायचं, कोणती चावी किती आटे फिरवली की वरच्या आळीला पाणी चढतं, हे तो निवृत्त होताना बरोबर घेऊन जातो. कंपनीचा पोरगा टॅबलेट घेऊन येतो आणि पहिले सहा महिने त्याच म्हाताऱ्याच्या मागे मागे फिरतो. तुमच्या करारात व्हॉल्वमनचं काय होणार ते मात्र जरूर वाचा. त्यांना घरी बसवणारा करार मी एकदाच पाहिला, आणि त्या गावात आठवडाभर निम्म्या शहराला पाणी आलं नव्हतं.

चोवीस तासांचा आग्रह मी का धरतो तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं ती चैन आहे. पाणी थांबलं की वाहिनी रिकामी होते आणि आत पोकळी तयार होते. शेजारून गटार वाहत असेल आणि सांधा सैल असेल तर गटारातलं पाणी आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं तेच तुमच्या नळाला. वर प्रत्येक घरात टुल्लू पंप, तो वाहिनीतून आणखी ओढतो. शिवाय अशा वाहिनीत मीटर हवेनेही फिरतो. पाण्याआधी फुसफुस हवा येते आणि आकडा पुढे सरकतो. 'मीटर बोगस आहे' ही तक्रार दरवेळी खोटी नसते. चार दिवसांआड पाणी देऊन मीटरवर बिल लावणारा करार मी तरी सहीला ठेवणार नाही.

आणि 'पाणी खासगी होऊ देणार नाही' म्हणणाऱ्यांना एक विनंती. जरा आपल्या ओट्याकडे बघा. वीस लिटरचा जार २० रुपयांना घेतला तरी हजार लिटरला हजार रुपये पडतात. टँकर, जार, कोपऱ्यावरचं आरओ केंद्र, घरातला फिल्टर, बोअर, टुल्लू: हे सगळं खासगीच आहे, फक्त त्याला करार नाही, दर ठरलेला नाही आणि विचारणारा कुणी नाही. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला जीबीएस (गियां-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा सिंहगड रस्ता भागातल्या आरओ केंद्रांचं पाणी महापालिकेने तपासलं आणि त्यातली अनेक बंद केली. या खासगीकरणाचा सर्वाधिक भुर्दंड बसतो तो झोपडपट्टीला, कारण तिथे टाकी बांधायला जागा नसते आणि जार विकत घ्यावाच लागतो. करारात सार्वजनिक नळ बंद करायचं कलम असेल तर त्या वस्तीला घरजोडणी किती दिवसांत आणि किती पैशांत, हे त्याच कलमात लिहून घ्या. 'स्वतंत्र धोरणानुसार' असे शब्द दिसले तर तांबडी शाई वापरा.

पॅरिसचा दाखला तुमच्याकडचा एक गट नक्की देईल. दोन खासगी कंपन्यांकडे १९८५ पासून वाटून दिलेलं पाणी पॅरिसने २०१० मध्ये परत घेतलं आणि पुढच्या वर्षी दर आठ टक्क्यांनी उतरवला. दाखला खरा आहे. पण पॅरिसकडे ते परत घ्यायला माणसं होती, नोंदी होत्या, आणि करार संपायची तारीख होती. म्हणून करार केलाच, तर शेवटचं प्रकरण सर्वांत आधी वाचा: कंपनी गेल्यावर नकाशे, ग्राहकांची यादी, बिलाचं सॉफ्टवेअर, मीटरच्या नोंदी कुणाच्या? एका ठिकाणी कंपनी गेली आणि पालिकेकडे उरली ती पाच वर्षांपूर्वीची ग्राहक वही. तीन महिने कुणालाच बिल गेलं नाही.

दरवाढ पाण्याला बांधा, तारखेला नको. अमुक भागात शेवटच्या घराला ठरलेला दाब आणि ठरलेले तास मिळाले, नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन मिळाला, की त्या भागापुरती वाढ. नमुने कंपनीने घ्यायचे नाहीत आणि पालिकेच्या त्याच खात्यानेही नाही, तिसऱ्याने घ्यावेत. मोठी वाहिनी आधी, वसुली नंतर, हा क्रम उलटा असेल तर औरंगाबादच्या लोकांना विचारून या.

तुमच्या शहराबद्दल मत मागितलंत तर आज दोन्ही गटांना माझं 'थांबा'. ठराव सहा महिने पुढे ढकला. त्या सहा महिन्यांत शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर आणि प्रत्येक उंच टाकीच्या आउटलेटवर चालू मीटर बसवा. लाख वस्तीच्या गावात असे आठ-दहा मीटर लागतील, योजनेच्या खर्चापुढे तो आकडा किरकोळ. रोजच्या नोंदी पालिकेच्या दारावरच्या फळ्यावर लिहा. गळती खरोखर मोठी आणि माणसं नाहीत असं निघालं, तर पाच-सात वर्षांचा चालवण्यापुरता करार करायला माझी हरकत नाही. वीस वर्षांचा मात्र नको.

सभेच्या आधी एवढं करा. दोन्ही गटांतली दोन-दोन माणसं आणि पाणीपुरवठा अभियंता यांना घेऊन गावातल्या सर्वांत मोठ्या टाकीवर जा आणि आउटलेटच्या चेंबरचं झाकण उघडायला सांगा. मीटर असलाच तर चेंबर बहुधा पाण्याने भरलेला असेल आणि काच दिसणार नाही. छोटा पंप लावून उपसायला अर्धा तास लागतो. तोवर व्हॉल्वमनशी गप्पा मारा.